अलीकडे की पलीकडे

अण्णा गोल्फच्या मैदानावर माळी होते. गवतावर तळहात फिरवून ते त्याचा स्वभाव सांगत. लोक हसत. हसेनात का! पण मोठमोठे खेळाडू सकाळी गाडीतून उतरले, की आधी अण्णांनाच गाठायचे आणि हळूच विचारायचे, "आज ग्रीन कसं आहे हो?" ग्रीन म्हणजे भोकाभोवतालचं, चटईसारखं बारीक कापलेलं गवत. तिथवर बॉल उडवत आणता येतो. पुढे मात्र पटर नावाच्या आखूड काठीनं तो घरंगळवत भोकात घालायचा, आणि तिथं भल्याभल्यांची भंबेरी उडते. लांब दणका देणारे पैशाला पासरी मिळतात, अण्णा म्हणायचे, पण दहा पावलांवरून बॉल भोकाशी आणून ठेवणारा हात एखादाच. असा हात देवानं त्यांच्याच घरी पाठवला होता. त्यांच्या लेकीचा, भिंगरीचा.

खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आणि आता पस्तिशी आली तरी भिंगरीच. अण्णांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. मैदानाच्या कडेची दोन खोल्यांची जागा रिकामी करून द्यायची होती, म्हणून ती दोन दिवसांची रजा काढून आली होती. दुपारी माळ्यावरून सामान काढताना चादरीत गुंडाळलेला तिचा जुना पटर हाती लागला. अण्णा तो घाईनं पुन्हा चादरीत गुंडाळायला लागले.

"अगं बाई! हा अजून आहे?" भिंगरी म्हणाली. "चला अण्णा, दोन बॉल मारून येऊ. परत कुठलं हे गवत मिळायला!"

नाही म्हणायला अण्णांना काही कारण सापडलं नाही.

दोघं अठराव्या, म्हणजे शेवटच्या ग्रीनवर आली. तिला शिकवलं होतं ते इथंच, खेळ आटोपून माणसं घरी गेली की. अण्णांची रीत साधी. आधी भोकापर्यंत चालत जा, पावलं मोज. पाच पावलं असली तर पटर मागे न्यायचा तो उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत, दहा असली तर त्याच्यापुढे आणखी एक वीत. जोर वाढवायचा नाही, झोका वाढवायचा. आणि बॉल मारला की डोळे मिटायचे. बघायचं नाही. आधी सांगायचं, अलीकडे राहिला की पलीकडे गेला, मग डोळे उघडायचे. "डोळ्याला काय, कुणीही फसवेल," अण्णा म्हणायचे, "हाताला कळलं पाहिजे." वर्षभरात पोरगी अशी तयार झाली, की डोळे मिटून सांगायची, "अलीकडे, चार बोटं." आणि मोजून चार बोटंच निघायची.

मग संघाच्या निवडीचा दिवस आला. चौदा वर्षं झाली त्याला. शेवटचा खेळ अठराव्यावर संपणार, खुर्च्या मांडून पाहुणे तिथंच बसणार. अण्णांना राहवेना. लेकीचा बॉल आरशावरून गेल्यासारखा गेला पाहिजे! बाकीची सतरा ग्रीन्स त्यांनी रोजच्यासारखी केली. अठरावं मात्र पहाटे दोनदा कापलं आणि वर रोलर फिरवला. रोलरनं गवत दबतं, बॉल जास्त पळतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि हौसेच्या भरात अक्कलही जाते. लेकीच्या कानावर घालायचं राहूनच गेलं.

भिंगरी शेवटच्या ग्रीनवर आली. दोन फटक्यांत बॉल भोकात गेला तरी संघात जागा पक्की. तिनं पावलं मोजली, दहा. पटर मागे नेला, अंगठ्याच्या पुढे एक वीत, अगदी शिकवला तसा. बॉल भोकापाशी गेला, आणि थांबलाच नाही. चार पावलं पुढे गेला. घाबरून मारलेला दुसरा अलीकडे राहिला. तीन फटके झाले, जागा गेली. बाकीच्यांनाही त्या ग्रीननं रडवलं, पण त्यांचं तिथं काही अडलेलं नव्हतं.

ती तडक अण्णांकडे आली. "अण्णा, काय झालं हो माझ्या हाताला?"

तिथं सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण भोवती माणसं होती, क्लबचे सचिव होते, आणि अण्णांची जीभ अशी काही वळली, की त्यांचं त्यांनाच नवल वाटावं. ते म्हणाले, "हात जड पडला तुझा. किती वेळा सांगितलं!"

त्यानंतर तिनं पटर धरला नाही. आई बिचारी जाईपर्यंत म्हणत राहिली, "काहीतरी बोला हो तिच्याशी." उद्या बोलू, उद्या बोलू, करता करता चौदा वर्षं गेली.

आता भिंगरीनं दहा पावलं मोजली, बॉल मारला आणि सवयीनं डोळे मिटले. "पलीकडे," ती म्हणाली. "फार पलीकडे."

बॉल भोकापासून वीतभर अलीकडे थांबला होता.

दुसरा मारला. "पलीकडे!" तो भोकाच्या काठाला टेकला होता. तिसराही तसाच. तीनदा तिनं पलीकडे म्हटलं, तीनदा डोळे उघडून चकित झाली.

"पलीकडे पलीकडे काय लावलंयस?" अण्णांचा आवाज चढला.

"माझा हात जड ना! तुम्हीच म्हणालात." ती हसली. "अहो, आमच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दोन वर्षांपूर्वी मागेच लागल्या होत्या. म्हणे, नोंदणीच्या खिडकीत काय बसतेस, ऑपरेशनला माझ्या हाताखाली ये, शिकवते. मी म्हटलं, नको हो बाई. जड हात, कुणाचा डोळा जायचा."

अण्णांनी वाकून गवतावर तळहात टेकवला. "हात जड नव्हता गं," ते म्हणाले. "ग्रीन पळत होतं. मी पळवलं होतं, रोलर फिरवून. तुझ्यासाठी म्हणून केलं, आणि तुलाच सांगितलं नाही. मग लाज वाटली. चूक माझी होती, आणि मी ती तुझ्या हातावर ढकलली."

भिंगरीनं आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

"मी येतो," अण्णा घाईनं म्हणाले. "त्या बाईंना भेटतो. सगळं सांगतो."

"तिथं दुसरी लागली, अण्णा. केव्हाच. आता चांगली तयार झालीये ती."

तिनं तिन्ही बॉल वेचून ओच्यात घेतले.

"रोलर किती वेळा फिरवला होतात?" तिनं विचारलं.

"तीनदा."

"तीनदा," ती म्हणाली. "माझ्यासाठी पहाटे उठून तीनदा रोलर फिरवलात, अण्णा, आणि चौदा वर्षांत तोंड एकदाही उघडलं नाहीत."