खळीने चिकटलेली पाने

मित्रांनो, मी एका सैनिकाच्या आठवणींचे जुने पुस्तक आहे. माझ्या मुखपृष्ठावर छाती पुढे काढलेला शिपाई आहे, पण त्याच्यावर जाऊ नका. मी पहिल्यापासून भित्रे आहे. छापखान्यात कागद कापायचे पाते खाली आले, तेव्हा घेतलेला धसका अजून गेलेला नाही.

वाचनालयात मला मुलांच्या कपाटात जागा मिळाली. सैनिकाने माझ्यात पराक्रम लिहिला होता, तशी भीतीही लिहिली होती. ग्रंथपालबाईंनी ती भीतीची दोन पाने वाचली आणि "पोरं घाबरतील गं बाई!" म्हणत एकमेकांना खळीने चिकटवून टाकली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मुले मला वाचून काठ्यांच्या बंदुका करत. माझे कौतुक होई, आणि मला मात्र धाकधूक वाटे, की आतले कुणाला कळले तर?

एकदा एका शिंप्याने मला घरी नेले. त्याचा मुलगा लढाईवरून परतला होता. हातपाय धड होते, पण शिलाई मशीन खडखडू लागले की तो कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली शिरून कान झाकून बसे. लढाईत असते तरी काय, हे शिंप्याला समजून घ्यायचे होते. माझ्यात त्याला नुसता पराक्रम सापडला. मग तो टेबलाजवळ बसून मोठ्याने वाचू लागला.

"ऐक रे, हाही शिपाईच. कसा गोळ्यांत घुसला बघ! आणि तू?"

मुलगा आणखी आत सरके. तो जेवेनासा झाला. माझ्यामुळे हा पोरगा कधीच बाहेर येणार नाही, या विचाराने माझा थरकाप होई.

एका दुपारी पान उलटताना शिंप्याची बोटे थबकली. "हे दुहेरी कसं लागतंय?" त्याने वर ओले फडके अंथरले आणि गरम इस्त्री उचलली. माझी तर बोबडीच वळली! पण वाफ आत शिरली, खळ सुटली. आता तो हळू आवाजात वाचू लागला.

"घरी आलो. पत्र्यावर गारा तडतडल्या आणि मी पलंगाखाली शिरलो. बायको हसली. त्यानंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही."

शिंप्याने मशीनकडे पाहिले. मग उठून चाकावरचा पट्टा काढला, खिशात घातला आणि दुखरे गुडघे टेकत, मला घेऊन टेबलाखाली शिरला.

"चुकलं रे माझं," तो म्हणाला.

मग मुलाचा हात माझ्या सुटलेल्या पानावर आला.

"बाबा, पुढचं वाचा."

मित्रांनो, आता मी पुन्हा कपाटात आहे. बाईंच्या टेबलावर खळीची वाटी दिसली की मला अजून धडकी भरते. मला कव्हर घाला, ओल्या हातांनी धरू नका, पण माझी ती पाने पुन्हा चिकटवू नका. अजून कुणीतरी टेबलाखाली बसले असेल.