बिनबैलाचे आलू

गेल्या साली माझे आलू पावसात सडले आणि त्याचा वास अख्ख्या जानेफळात गेला, असं माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ शालिग्राम, अजून सांगतात. वास त्यांच्याच नाकाला जास्त झोंबला. चूक माझी होती, ती मी कबूल करते. बियाणं पुरावं म्हणून मी आलू कापून लावले, तेही पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनीत. अशा ओलीत कापलेली फोड सडते, हे मला आठ ओळी गमावून कळलं.

माझा नवरा गोविंदा एसटीत कंडक्टर, मुक्कामाला जळगाव जामोदला. वावर भासरे आणि मीच पाहतो. यंदा मी टेकाडाकडचा अर्धा एकर मुरमाड तुकडा मागितला. तिथं उतार आहे, पाणी थांबत नाही.

"घे," भासरे म्हणाले. "पण बैल भेटत नाही. त्या दगडात माह्या बैलायचे पाय मोडू का? अन् याबी साली सडले तं तो तुकडा सोयाबीनखाली जाईन. मंग आलूचं नाव काढाचं नाही."

"हाव," मी म्हटलं. संतापात तशीच कुदळ शोधायला गेले.

सगळा तुकडा मी कुदळीनं खणला. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. हातभर उंच वरंबे केले आणि त्यांच्या माथ्यावर लिंबाएवढे अख्खे आलू लावले. श्रावणात आठ दिवस झड लागली. खाली भासऱ्यांचं सोयाबीन पाण्यात पिवळं पडत होतं. मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन सऱ्यांमधला गाळ काढत होते, पाणी वाहतं ठेवत होते. येणारे-जाणारे बांधावर थांबून हसायचे. मी मान वर केली नाही.

ऋषिपंचमीला माझी सासू रुखमाबाई बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. दरवर्षी परसातल्या भाज्यांवर तिचं भागतं. यंदा झडीनं परसातले वेल कुजले होते. सकाळी मी पहिला वरंबा उकरला. आलू लहानच होते, पण टणक. सडका एकही नव्हता. मी तिथंच चिखलात बसून रडले, मग पाटी भरून घरी आले.

उकडलेले आलू ताटात पाहून सासूनं विचारलं, "याले बैल लागला का वं?"

"नाही लागला, आई. भाऊजीनं देल्लेच नाही."

भासरे समोरच बसले होते. सासूनं चार आलू खाल्ले, पाचवा मागितला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "शालिग्राम, तो तुकडा जयमालेचा. त्यात सोयाबीन पेराचं नाही."

 भासरे पडक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या साली बैल घेऊन जाजो."

"नोको भाऊजी," मी म्हटलं. "मंग आईच्या ताटात काय वाढू?"