कॉफीला मोड येत नाहीत

साळुबाईच्या हातच्या मोडाच्या मटकीचं अवसरी खुर्दात नाव होतं. तिनं फडक्यात कडधान्य बांधलं आणि त्याला मोड आले नाहीत, असं तिच्या संसारात कधी घडलं नव्हतं. त्यामुळे त्या सकाळी ओलं फडकं सोडलं आणि आत मोडाचं नाव दिसेना, तेव्हा ती आधी फडक्यावर चिडली, मग पाण्यावर आणि शेवटी विहीणबाईंवर.

विहीणबाई लांबच्या, पार चिकमंगळूरकडच्या. त्यांच्याकडून आदल्या दिवशी पार्सल आलं होतं. त्यात मिरी होती, वेलदोडे होते आणि एका कापडी पिशवीत हिरवट राखाडी रंगाचे, एका बाजूनं चपटे दाणे होते. पिशवीवर कानडीत काहीतरी छापलं होतं, ते इथं कोण वाचणार? साळुबाईनं चार दाणे तळहातावर घेतले, नखानं दाबले, दाताखाली धरून पाहिले. दात हलायची वेळ आली. असेल त्यांच्याकडचा वाल, नाहीतर पावट्याची एखादी जात, असं तिनं ठरवून टाकलं आणि विषय संपवला. पोरगा सुदर्शन आणि सून लग्नानंतर पहिल्यांदाच घरी येणार होते. सुनेच्या माहेरच्या दाण्यांची उसळ पहिल्याच जेवणात तिच्या पानात पडली, तर पोरीला किती बरं वाटेल! तिनं अख्खी पिशवी कोमट पाण्यात रिकामी केली आणि रात्री दाणे निथळून फडक्यात घट्ट बांधून ठेवले.

आता दाणे टम्म फुगले होते, एवढंच. वासही ओल्या गवताचा येत होता. आणखी एक दिवस बांधून ठेवावेत का, असा विचार ती करत होती, तोवर फोन वाजला. सून होती, श्रेया. बेंगळुरूला सुदर्शनच्याच ऑफिसात कामाला होती आणि मराठी त्याच्याकडून शिकत होती. बोलताना मध्येच थांबायची, शब्द शोधायची, पण हार मानायची नाही.

"आई, आज रात्री गाडीत बसतो. उद्या सकाळी पोचू. पार्सल मिळालं ना?"

"मिळालं की गं बाय."

"कॉफीच्या बिया नीट आहेत? माझ्या अप्पांनी एकेक निवडून दिल्यात, आबांसाठी. मुद्दाम कच्च्या दिल्यात. मी भांडं घेऊन येते, आबांच्या समोर भाजणार. पहिला कप मीच त्यांच्या हातात देणार. मग बघू सुदर्शनशी कसे बोलत नाहीत ते!"

साळुबाईला कॉफी ठाऊक होती ती पुडीतली, तपकिरी. तिचा आवाज खाली आला. "कॉफीच्या बिया म्हंजे... त्या हिरव्या?"

"हो, हिरव्याच. भाजल्या की काळ्या होतात."

"नीट हाईत," साळुबाई म्हणाली, आणि फोन ठेवून तिथंच उंबऱ्यावर बसली. 

एरवी पिशवीभर बियांचं काय एवढं? पण या घरात दीड वर्षापासून एक अबोला नांदत होता. धर्माजी, म्हणजे साळुबाईचा नवरा आणि पोरांचा आबा, आपल्या एकुलत्या एका पोराशी बोलत नव्हता. माणूस वाईट नव्हता, पण एकदा फुगला की फुगला. आयुष्यभर तो पंचक्रोशीतल्या लग्नांच्या पंगती उठवत आला होता, कुणाच्या मांडवात बुंदी वाढली, कुणाकडे रात्रभर कढईपाशी जागला. आपल्या पोराच्या लग्नात आपण अख्खं गाव जेवू घालायचं, एवढी एकच हौस त्यानं मनात धरली होती. आणि सुदर्शननं लग्न केलं ते सुनेच्या गावी, देवळात, मोजक्या माणसांत. धर्माजी गेला, अक्षता टाकल्या, व्याह्यांशी हसून बोलला. परत आल्यावर मात्र म्हणाला, "सगळ्या गावाचं खाल्लं मी. आता कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?" तेव्हापासून सुदर्शनचा फोन आला की तो गोठ्यात निघून जायचा. काही सांगायचंच झालं तर साळुबाईला सांगायचा आणि ती पुढं पोचवायची. आबा म्हणत्यात असं, सुदर्शन म्हणतो तसं. दोघांच्या मधे ये-जा करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

आणि ज्या कॉफीवर सुनेनं भिस्त ठेवली होती, ती साळुबाईनं भिजवून ठेवली होती.

ती दाणे घेऊन स्लॅबवर गेली आणि जुनं धोतर पसरून त्यावर वाळत घातले. मे महिन्याचं ऊन होतं, पाय टेकवत नव्हता. टाकी भरली का बघायला धर्माजी वर आला आणि धोतराकडे बघून थबकला.

"हे काय वाळत घातलंय?"

खोटं सुचायलाही वेळ लागतो. साळुबाईनं खरं ते सांगून टाकलं.

धर्माजी आधी नुसता बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं. "कॉफीची उसळ!" म्हणाला, आणि खोकला लागेस्तोवर हसला. हे हसणं घरात कितीतरी दिवसांनी ऐकू आलं होतं. साळुबाईला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

"हसा तुमी. त्या पोरीनं किती आशेनं धाडायला लावलंय. आता काय तोंड दाखवू तिला?"

"मला काय त्याचं?" धर्माजी तोंड पुसत म्हणाला आणि खाली उतरला. पण थोड्याच वेळात जिन्यावर पुन्हा त्याची पावलं वाजली. "आगं, असं कडक उनात व्हय? वरनं खडखडीत व्हतील अन् आत वल तशीच ऱ्हाईल. कांदा असा वाळवतो का आपण? आण हिकडं."

कांदे साठवायच्या बराखीत एक खण मोकळा होता. खालून-वरून वारा खेळता, डोक्यावर सावली. धर्माजीनं तिथं शेडनेटच्या जाळीचा तुकडा ताणून बांधला, त्यावर दाणे एकेरी पसरले आणि बाजूला पाटी पालथी घालून बसला. दुपारभर तो हाताच्या तळव्यानं दाणे खालवर करत होता. चहा घेऊन गेलेली साळुबाई हळूच म्हणाली, "पोरासाठी करताय व्हय?"

"पोराचं नाव काढू नको," धर्माजी गुरगुरला. "त्या पावण्यानं एकेक दाना निवडलाय म्हनं. शेतकरी हाय त्यो. त्याच्या कष्टापायी करतोय."

साळुबाई चहा ठेवून परत फिरली. तिला तेवढंही पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंचरला एसटीतून उतरून दोघं रिक्षानं घरी आली. साळुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. धर्माजी अंगणात बाजेवर बसला होता. श्रेया पाया पडली तर म्हणाला, "सुखी ऱ्हा पोरी, परवासात तरास न्हाई ना झाला?" सुदर्शन वाकला तर त्यानं डोक्यावर हात ठेवला खरा, पण नजर कडुनिंबाच्या शेंड्याकडे लावली. आणि साळुबाईला म्हणाला, "त्याला सांग, ब्याग वल्यात ठिवलीय."

बॅग त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि सुदर्शनही. तरी साळुबाईनं सांगितलं, "सुदर्शन, ब्याग उचल रं, वल हाय तिथं." सुदर्शननं मान खाली घालून बॅग उचलली. पोराचं तोंड एवढंसं झालं.

चहा झाल्याबरोबर श्रेयानं बॅगेतून भांडं काढलं. खोलगट पातेलं, वर झाकण आणि झाकणाला फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की आत तळाशी तार फिरायची.

"हे मक्याच्या लाह्यांचं भांडं आहे," ती म्हणाली. "पण आम्ही यातच कॉफी भाजतो. धूर होतो, टरफलं उडतात, म्हणून बाहेर भाजायची. सोपं आहे. फक्त एक. फिरवायचं थांबलं की संपलं. तळाचे जळतात, वरचे कच्चे राहतात. मग लाहीसारखा तडतड आवाज येतो. तो आला की समजायचं, झालं."

पडवीत गॅसची छोटी शेगडी मांडली. साळुबाईनं दाण्यांचा डबा पुढं केला. दाणे आता सुकले होते, पण रंग उतरला होता. श्रेयानं डब्यात बघितलं, भुवई जराशी वर केली, मग दाणे पातेल्यात ओतले आणि दांडा फिरवायला लागली.

बराच वेळ नुसता खर्रखर्र आवाज येत राहिला. झाकणाच्या फटीतून वाफ निघाली. पुन्हा वाफच निघाली. श्रेयाचा हात दुखून आला, तिनं हात बदलला.

"एव्हाना आवाज यायला पाहिजे होता," ती पुटपुटली.

साळुबाईनं मनातल्या मनात मुक्ताईदेवीला नारळ बोलला. बाजेवर पाठ करून बसलेल्या धर्माजीचे कान इकडेच होते. ते साळुबाईला त्याच्या मानेवरून कळत होतं.

"दे, मी फिरवतो," सुदर्शन म्हणाला आणि त्यानं दांडा हातात घेतला. तो फिरवू लागला. वाफेला आता भाजक्या पावासारखा वास यायला लागला होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. ऑफिसचा असावा. सवयीनं त्याचा हात खिशाकडे गेला आणि दांडा थांबला.

"आरं फिरव!" बाजेवरून आवाज कडाडला. "हात थांबवू नको, करपंल समदं!"

सुदर्शननं वर बघितलं. बापाचा हा आवाज त्यानं दीड वर्षात ऐकला नव्हता. तो असा काही बघत राहिला, की फिरवायचंच विसरला.

"माझ्या तोंडाकडं काय बघतूस? फिरव म्हनलं ना!" धर्माजी तीन ढांगांत पडवीत आला, पोराशेजारी उकिडवा बसला आणि त्याच्या हातावरच आपला हात ठेवून दांडा फिरवायला लागला. "जाळ बारीक कर सुदर्शन. घाई न्हाई करायची. आत अजून वल आसंल, काल पुरती दुपार बी न्हाई घावली वाळवायला."

"ओल?" श्रेया म्हणाली. "कसली ओल, आबा?"

धर्माजीनं जीभ चावली. दांडा मात्र फिरत राहिला.  आता लपवून उपयोग नव्हता.

"मी भिजवल्या गं," साळुबाई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कडधान्य वाटलं मला. उसळ करायची व्हती तुझ्यासाठी. फडक्यात बी बांधल्या, मोड येत्याल म्हणून."

श्रेया तिच्याकडे बघत राहिली.  आणि त्याच वेळी पातेल्यात एकदा तड झालं. मग पुन्हा एकदा. मग नागपंचमीच्या लाह्या फुटाव्यात तसा सगळा घाणाच फुटायला लागला.

"आला! आला आवाज!" श्रेया ओरडली आणि टाळ्या पिटायला लागली. "काढा, आबा, काढा!"

धर्माजीनं पातेलं उचललं, सुदर्शननं झाकण उघडलं आणि साळुबाईनं डोळे पुसायच्या आधी सूप पुढं केलं. गरम, काळपट दाणे सुपात पडले. त्यांच्यावर कागदासारखी पातळ टरफलं चिकटली होती. साळुबाईनं उभं राहून चार वेळा पाखडलं, टरफलं वाऱ्यावर अंगणात गेली आणि सुपात स्वच्छ दाणे राहिले. काही जास्त काळे, काही फिके. पण कॉफी होती, वाया गेली नव्हती.

श्रेयानं एक दाणा फोडून बघितला, हुंगला आणि हसायला लागली. "आई, आमच्याकडे पण भिजवतात. फळातून काढल्या की आधी पाण्यात ठेवतात, धुतात, मग अंगणात वाळवतात. तुम्ही दुसऱ्यांदा केलं, एवढंच. पण मोड?" तिला हसू आवरेना. "अप्पांना सांगू?"

"सांग बाय, सांग," साळुबाई म्हणाली. तिच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं, की तीही हसायला लागली, मग सुदर्शन, आणि शेवटी मिशीतल्या मिशीत धर्माजी.

दाणे निवल्यावर मिक्सरमधून काढले, गाळणीतून काढा उतरवला, वर घरच्या गाईचं दूध घातलं. पहिला पेला श्रेयानं दोन्ही हातांनी धर्माजीपुढं धरला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं एक घोट घेतला, डोळे बारीक केले, आणखी एक घेतला.

"कडू हाय लई," तो म्हणाला. मग पेला खाली न ठेवता पुढं म्हणाला, "पण ग्वाड लागतंय."

त्यानं पेला संपवला, मिशी पुसली आणि बराखीकडे बघत बोलला, "सासऱ्याला फोन लाव तुझ्या. म्हनावं, कांदा लई चांगला निघालाय, एक गोणी धाडतो. अन् त्या दोघास्नी हिकडं बोलव दिवाळीला. तवा गाव जेवू घालू. बुंदी मी पाडणार."

साळुबाई सवयीनं वळली. "सुदर्शन, आबा म्हणत्यात..." असं तिनं सुरूही केलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की सुदर्शन कधीच फोन काढून नंबर शोधायला लागलाय. धर्माजी त्याच्याशीच बोलला होता. मधे कुणी लागलंच नव्हतं.

"काय म्हणत्यात आबा?" धर्माजीनं तिला वेडावून दाखवलं.

"काय न्हाई," साळुबाई म्हणाली. डोक्यावरची भरली पाटी कुणीतरी खाली उतरवून घ्यावी तसं तिला झालं. तिकडं फोनची रिंग वाजत होती. ती खांबाला टेकून बसली आणि तिनं आपला पेला हातात घेतला.