खुर्चीची उंची

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगकाठी बारीक, शिलाईचं दुकान आणि बोलणं टोचरं. एवढ्या भांडवलावर कोणालाही हे नाव पडलं असतं. रविवारी मात्र ती मशीनवर झाकण घालून गावाबाहेरच्या कातळभिंतीवर चढायला जायची. तिथे बऱ्याच उंचावर माणूस बसेल एवढा कट्टा आहे, त्याला सगळे खुर्ची म्हणतात. खुर्चीत एक पत्र्याचा डबा, डब्यात वही. वर पोचेल त्याने वहीत चार शब्द लिहायचे. वही खाली आणायची नाही आणि तिच्यातलं खाली बोलायचं नाही. टाचणीच्या आईनेही तरुणपणी त्यात काहीतरी लिहून ठेवलेलं होतं. काय, ते विचारून विचारून लेक थकली. आईचं उत्तर ठरलेलं, "वर जा आणि वाच." तीन वर्षं टाचणी धडपडत होती आणि दर वेळी खुर्चीखालच्या गुळगुळीत टप्प्यावरून माघारी येत होती.

त्यात धरणाची बातमी आली. दरीत पाणी साठवणार, आणि नकाशाप्रमाणे ते भिंतीच्या पायथ्यापासून चाळीस मीटर चढणार. हरकती सोमवारपर्यंत द्यायच्या. चढणाऱ्या मंडळींना खुर्चीची काळजी लागली. मग मास्तरांनी, म्हणजे या टोळीतल्या सगळ्यात जुन्या चढणाऱ्याने, आपली टिपणं धुंडाळली. खुर्ची, बेचाळीस मीटर. सगळ्यांनी हुश्श केलं. खालची भिंत गेली तरी खुर्ची वाचते, मग उगाच सरकारशी भांडण कशाला, असा सूर लागला.

टाचणीला काही चैन पडेना. हे बेचाळीस मोजले कोणी आणि कसे? तिने मास्तरांना गाठलंच. मास्तरांनी हौसेने सांगितलं: खुर्चीतून दोर पायथ्यापर्यंत सोडला, वर खूण केली, मग मैदानात नेऊन दोन्ही टोकांना दोघादोघांनी जोर लावून असा ताणला की जराही झोळ राहिला नाही, आणि मोजला. त्या ताणण्यावर स्वारी भलतीच खूश होती. पण चढाईचा दोर मुद्दाम लवचीक केलेला असतो, पडणाऱ्याला हिसका बसू नये म्हणून. ताणला की तो वाढणारच. ताणून मापलेल्या कापडाचा पायजमा आखूड होतो, हे तिला धंद्याच्या पहिल्याच वर्षी गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन कळलेलं होतं.

तिने हे सगळ्यांपुढे मांडलं तेव्हा कोणालाच रुचलं नाही. मास्तर तर रुसलेच. शंका तुझी ना, मग मोजायचं तूच, म्हणाले.

रविवारी तिने ओळखीच्या गवंड्याकडून पन्नास मीटरची पोलादी टेप मागून आणली आणि पाठीला बांधली. खाली रुसलेले मास्तरही आलेच, आणि दोर सांभाळायला आई उभी राहिली. तिचे गुडघे गेले असले तरी हात शाबूत होते. गुळगुळीत टप्पा आला तेव्हा टाचणीचं डोकं आकड्यातच अडकलेलं होतं. वहीची आठवण झाली तेव्हा ती चक्क खुर्चीत बसली होती.

आधी टेप. टोकाला वजन बांधून तिने ती सोडली, मास्तरांनी खाली टोक जमिनीला टेकवलं. तिने तीनदा वाचून पाहिलं आणि आकडा खाली सांगितला: साडेअडतीस. खुर्ची दीड मीटर पाण्याखाली जाणार होती.

मग तिने डबा उघडला. आईचं अक्षर लांबूनही ओळखू येण्यासारखं. "आज आम्ही दोघं पोचलो. दुसऱ्याचं नाव अजून ठेवायचंय. घरी कोणाला माहीत नाही." टाचणीने खालची तारीख पाहिली, बोटांवर महिने मोजले आणि तिला एकदम हसू आलं, रडूही आलं. जिथे यायला तीन वर्षं जिवाचं रान केलं, तिथे ती कधीच येऊन गेली होती.

"वही घेऊनच उतर," खालून मास्तरांचा जड आवाज आला. "आता ती बुडणारच."

तिने क्षणभर विचार केला. आईच्या ओळीखाली लिहिलं, "ती दुसरी मीच. उंची साडेअडतीस." वही डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"वही इथेच राहील," ती म्हणाली. "तुम्ही हरकतीचा कागद काढा."

मास्तर पिशवीत पेन शोधू लागले. आईने दोर घट्ट धरला आणि लेकीला सावकाश खाली घेतलं.