जास्त धुतलेला दगड

माझ्या सुनेला रविवार कळत नाही. आठवड्याचे सहा दिवस ती लाँड्रीच्या काउंटरवर उभी असते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते, कपड्यांना चिठ्ठ्या लावते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सातव्या दिवशी शहाणी बाई जरा पाठ टेकते, डोक्याला तेल लावते. ही सकाळी सातला बादली उचलते, माझा कॉलर घासायचा ब्रश पिशवीत टाकते आणि चालायला लागते. कुठे, तर परक्या सैनिकांच्या थडग्यांवर.

बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे ती जागा आहे. चारी बाजूंनी भिंत, आत ओळीने उभे दगड. फार जुन्या लढाईत लांबून आलेली पोरं तिथे पुरलीत. ती आपल्या बाजूने लढली की विरुद्ध, हे मला मुलाने दोनदा सांगितलं आणि दोनदा माझ्या डोक्यातून गेलं. त्यांच्या घरच्यांना इथवर येणं जमत नाही. ते पत्र पाठवतात, अमक्या नंबरचा आमचा माणूस तुमच्याकडे आहे, बघा. मग गावातली ही पाच-सहा माणसं तो दगड शोधतात, धुतात, फोटो काढतात आणि पाठवून देतात. त्यांचा म्होरक्या पोस्टातून रिटायर झालेला एक गृहस्थ आहे. सगळ्या दगडांची यादी त्याच्याकडे असते, म्हणून त्याला सगळे यादीवालेच म्हणतात.

मी सुनेला सरळ विचारलं, "कोण लागतात ते तुझे?"

"कोणीच नाही, आई."

"मग?"

"ज्यांचे लागतात ते लांब आहेत ना."

उत्तर हिच्या ओठावरच असतं. मी सांगितलं, ब्रश तरी दुसरा ने. तर म्हणाली, "तुमच्या ब्रशइतका मऊ दुकानात मिळत नाही."

त्या बाईचं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मुलाने फोनवर ते आपल्या भाषेत करून घेतलं होतं, सुनेने वाचून दाखवलं. लिहिणारी एक्याण्णव वर्षांची. तिचा थोरला भाऊ आमच्या गावच्या भिंतीआड आहे. तो गेला तेव्हा ही नऊ वर्षांची होती. शाळेतून घरी आली तर दाराशी त्याचे बूट नव्हते, एवढंच तिला आठवतं. नंतर एक कागद आला, त्यावर नंबर. आईबाप गेले, बाकीची भावंडं गेली, ही एकटी राहिली. आता हिचा डावा डोळा गेलाय आणि उजव्यात मधोमध डाग वाढतोय. डॉक्टरने तीन आठवडे सांगितले, पुढे नुसता उजेड-अंधार कळेल. "त्याचं नाव मला माझ्या डोळ्याने वाचायचं आहे," असं तिने लिहिलं होतं. "दुसऱ्याने वाचून दाखवलेलं नको. ते मी आयुष्यभर ऐकलं."

माझा मुलगा एरवी ताटावर बसला की भूकंप झाला तरी मान वर करत नाही. त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

सून त्या रविवारी गेली, पुढच्याही गेली. दगड नवव्या ओळीत, भिंतीलगत, मोठ्या झाडाखाली. ऊन तिथे येतच नाही. ओल धरून धरून तो काळाकुट्ट झालेला. यादीवाल्यांचा नियम कडक, साधं पाणी आणि मऊ ब्रश, तिसरी वस्तू लावायची नाही. त्या दगडाला एवढ्या लाडाने दोन रविवारांत काय होणार? तिने फोनमध्ये फोटो दाखवला. अर्धा दगड काळा, त्यात कुठे दोन अक्षरं, कुठे चार. "अजून एक रविवार आहे," ती म्हणाली. "होईल हळूहळू."

हळूहळू. मी बेचाळीस वर्षं कपडे पांढरे करतेय. चौथीत शाळा सुटली, पण डाग बघितला की तो कशाचा, कधीचा आणि कशाने जाईल हे मी लांबून सांगते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचे कोट माझ्याकडे येतात ते उगाच नाही. आणि ही मला हळूहळू शिकवते.

शनिवारी दुपारी दुकानात गर्दी नसते. सुनेला म्हटलं, गुडघ्याला तेल आणायला जाते. पिशवीत धुण्याचा सोडा घेतला, कडक दातांचा ब्रश घेतला आणि बसमध्ये बसले.

त्यांची लिपी मला वाचता येत नाही, पण आकडे माझे मित्र आहेत. हजार कपड्यांतून एका चिठ्ठीचा सदरा मी काढते, तसा नवव्या ओळीत तो नंबर काढला. नळापाशी पडलेली बादली भरली, पदर खोचला आणि बसले. पहिला हात काळा निघाला. दुसरा हिरवा. सोडा लावून ठेवला, घासला, पाणी मारलं, परत लावला. दोन तासांनी तो दगड असा निघाला की त्याच्या शेजारचे सगळे न आंघोळ करता आलेले वाटायला लागले. डॉक्टरचा कोट झक मारेल असा पांढरा. मी कंबर सरळ केली, चार पावलं मागे झाले आणि सुनेचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणून जरा हसलेसुद्धा.

मग मी दगडाकडे नीट पाहिलं. नाव नव्हतं.

वर नाही, खाली नाही. नंबर मी धुण्याआधी पाहिला होता, तोही नव्हता. नुसती पांढरी पाटी. शेजारच्या दगडाकडे पाहिलं, त्यावर अक्षरं होती. काळी. खोदलेल्या रेघांमध्ये वर्षानुवर्षांची घाण बसली होती, आणि डोळ्याला दिसत होती ती घाणच. मी पांढरं करणारी बाई, मी इथला कण न् कण काढून टाकला होता.

की रेघाही घासून टाकल्या? बोट फिरवून बघितलं. इस्त्रीने माझ्या बोटांची टोकं केव्हाच बधिर झालीत, तापलेला तवा कळतो, बारीकसारीक काही कळत नाही. गाल लावून पाहिला. गार लागला, बाकी काही नाही. त्या पोराला ऐंशी वर्षं वाऱ्या-पावसाने जे केलं नाही ते मी दोन तासांत केलं होतं. त्याच्या बहिणीचा दोन आठवड्यांहून जास्त वेळ संपून गेला होता.

घरी आले ते तेल न घेता. मुलगा म्हणाला, "आई, दुकान बंद होतं का?" मी म्हटलं, "तुझं तोंड बंद ठेव." रात्री ताटात हात फिरवला आणि उठले.

सकाळी सून बादली धूत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बेचाळीस वर्षांत कुणाची साडी जाळली तर मी भरून दिली असेल, पण तोंडाने माफी कधी मागितली नव्हती. सवयच नाही.

"दगड मी धुतला," म्हटलं.

तिने नळ बंद केला. "कुठला?"

"तुझा. नववी ओळ."

"कशाने?"

"सोड्याने. कडक ब्रशने. तारेचा नव्हता," हे मी जरा जोरात सांगितलं, जसं काही त्यासाठी मला बक्षीस मिळणार होतं.

ती स्टुलावर बसली. मी वाट बघत होते, आता बोलेल. मी तिच्या जागी असते तर छप्पर उडवलं असतं. ती म्हणाली, "नाव दिसतंय का?"

"नाही."

"चला," म्हणाली. "चप्पल घाला."

आम्ही पोचलो तर यादीवाले आधीच नवव्या ओळीत, कमरेवर हात ठेवून उभे. त्यांचा चेहरा मुळातच पोस्टाच्या खिडकीसारखा, त्यात आज ती बंद झाल्यासारखी. "दहा वर्षं एकच नियम सांगतोय," ते म्हणाले. "एकच. कोणी केलं हे?"

आणि माझी सून, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "माझ्याकडून झालं. घाई केली मी."

'मी केलं' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, मी ते तिथेच थांबवले. वाटलं, झालं, सुटले. यादीवाल्यांनी खिशातून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. "तू चार वर्षं चांगलं काम केलंस," ते म्हणाले, "पण नियम सगळ्यांना सारखा. यापुढे दगडाला हात लावायचा नाही. यादीतून नाव काढतो."

ती मान खाली घालून उभी. गिऱ्हाईक उगाच बोललं तरी चार शब्द ऐकवणारी माझी सून, तिच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा मला कळलं की हा रविवार तिच्यासाठी काय होता. आणि ती तो माझ्या नाकासाठी देऊन टाकत होती, न मागता.

"ते टोपण लावा," मी म्हटलं. "तिने नाही केलं. मी केलं. तिला पत्ताच नव्हता."

यादीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्ही?"

"आजी तुमच्या घरी. तुमच्याहून चार वर्षांनीच मोठी असेन. मी धुतलं. मला वाटलं तुम्हाला कुणाला धुता येत नाही. आता काय बोलायचं ते मला बोला आणि मग हे निस्तरायचं कसं ते सांगा. ती बाई तिकडे आंधळी होतेय."

ते खाली बसले, चष्मा कपाळावर घेतला, दगडाच्या कडेला डोळा लावून तिरकं बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "खोली आहे. रेघा गेलेल्या नाहीत."

मी शेजारच्या दगडाला धरलं. मनातल्या मनात त्याची माफी मागितली. सकाळपासूनची ही दुसरी.

"पण फोटोत येणार नाहीत," ते म्हणाले. "काळं गेलं की सावली लागते. इथे ऊन कुठे?"

सून आपली पिशवी चाचपत होती. तिने जरा लांबवर फिरून पाहिलं, झाडाची सावली कुठे संपते ते. "सहाव्या ओळीपाशी ऊन आहे," ती म्हणाली. "तिथून आरसा धरला तर? एका बाजूने, तिरका?" तिने पिशवीतून आरसा काढला, उन्हात जाऊन धरला. तळहाताएवढा. उजेडाचा रुपयाएवढा ठिपका दगडावर नाचला आणि त्या ठिपक्यात एका अक्षराची कड उठून दिसली.

मी मुलाला फोन लावला. "दुकानातला उभा आरसा काढ. गिऱ्हाइकं कोट घालून बघतात तो. टेम्पोत घाल आणि ये."

"आई, तो भिंतीला स्क्रूने बसवलाय."

"मग स्क्रू काढ. का भिंत घेऊन येतोस?"

अर्ध्या तासात आला. आरसा सहाव्या ओळीच्या कडेला उन्हात उभा केला. मुलगा धरतो म्हणाला, मी त्याला बाजूला केलं. गुडघे टेकून मीच धरला. यादीवाले दगडापाशी उभे राहून हात करत होते, डावीकडे, अजून, थोडा खाली, बस. उजेड दगडाच्या कडेने आत सरकला. आणि अक्षरं वर आली. एक एक. प्रत्येकाच्या पोटात बारीक काळी सावली. सोड्याने धुतलेल्या पांढऱ्यावर ती इतकी स्पष्ट दिसत होती की मला वाचता येत नसताना मी वाचल्यासारखी बघत बसले.

"हलू नका, आई," सून म्हणाली.

हलतेय कशाला. श्वास घेतला नाही मी. तिने बारा-तेरा फोटो काढले. यादीवाल्यांनी आपल्या कागदावरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, नंबर ताडला, मग कागद घडी करून खिशात ठेवला. पेन काही परत बाहेर काढलं नाही. जाताना मला म्हणाले, "तो दगड दोन-तीन वर्षं शेजाऱ्यांपेक्षा पांढरा दिसेल. सोडा खोल जातो." मी म्हटलं, "दिसू दे. मला ओळखायला बरा." ते हसले नाहीत, पण चष्मा उगाच पुसला.

फोटो त्याच दुपारी गेला. आठ दिवस काही नाही. मी सुनेला विचारत नव्हते, पण तिचा फोन वाजला की माझी इस्त्री थांबायची. दोन सदऱ्यांना पिवळी घडी पडली. नवव्या दिवशी उत्तर आलं, त्या बाईच्या नातीने लिहिलेलं. आजीने फोटो मोठा करून घेतला, खिडकीत बसली. मधल्या डागामुळे सगळं एकदम दिसत नव्हतं, म्हणून कागद डोळ्यापुढून सरकवत सरकवत तिने एकेक अक्षर वाचलं. मोठ्याने. शेवटचं वाचल्यावर परत पहिल्यापासून. सकाळभर तेच. त्याच्या शाळेच्या वहीवर तो असंच नाव लिहायचा, पूर्ण, मधलं नावसुद्धा, असं ती म्हणाली. खाली नातीने लिहिलं होतं: "आजी विचारते, दगड इतका स्वच्छ कोण ठेवतं? तिला वाटायचं, इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावला नसेल. त्या माणसाचे हात धरायचे आहेत म्हणते."

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. सुनेने ते शेवटचं वाक्य परत वाचलं आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या," म्हणाली. "आमच्या आई." तेवढंच. सोड्याचं नाही, नियमाचं नाही.

मी माझे हात बघितले. इस्त्रीने भाजलेले, सोड्याने सोललेले. कुणी धरावेत असे ते हात नाहीत, आणि आजवर कुणी धरायचे म्हटलंही नव्हतं. डोळे भरले म्हणून मी वाफेच्या इस्त्रीपाशी जाऊन उभी राहिले. तिथे कुणाचेही भरतात.

गिऱ्हाइकं गेल्यावर मी तिला हाक मारली. ती आली, हातात चिठ्ठ्यांची पेटी. मुलगा ऐकत होता, ऐकू दे.

"हे बघ," मी म्हटलं. "तू हट्टी आहेस. उलट बोलतेस. कॉलर तुला अजून घासता येत नाही. आणि खोटं तू इतकं सरळ चेहऱ्याने बोलतेस की मला भीती वाटते. माझ्यासाठी परत बोलायचं नाही. माझ्या चुका माझ्या मला उचलता येतात. पण तू या घरात आलीस, हे आमच्यावर उपकार झाले. हे मी एकदाच सांगतेय, पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन."