सातवा माणूस

सामन्याच्या सकाळी एलोय तामामेस स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय टाकून पोटऱ्या चोळत बसला होता. त्याची बारा वर्षांची मुलगी ओलाया भाजलेल्या पावावर टोमॅटो घासत होती.

"बाबा, मिस्टर आज सांगणार का?"

मिस्टर म्हणजे फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक फेर्मीन.

"आज पाय बघतो म्हणालाय. सामना झाला की सांगेल."

"वर्षभर काय बघत होता मग? तुझं तोंड?"

एलोयला हसू आलं.

"मी सांगून ठेवते, मी इथून हलणार नाही."

"बरं."

"बरं काय बरं? मागच्या खेपेलाही बरं म्हणाला होतास."

एलोय दुसरी पोटरी चोळू लागला. तो छत्तीस वर्षांचा होता. सतरा वर्षांत अकरा क्लब झाले होते. सगळ्यात वरच्या विभागात तो एकूण चाळीस मिनिटं खेळला होता, बाकी सगळी वर्षं खालच्या विभागांत, एकेका वर्षाच्या करारावर. क्लब बदलला की गाव बदलायचं. ओलायाच्या जन्मापासून हे आठवं घर होतं.

आधी सगळं मारिसा बघायची, त्याची बायको. नव्या गावात चार दिवसांत तिला शाळा, डॉक्टर, चांगला पाववाला, सगळं ठाऊक झालेलं असायचं. एलोय फक्त खेळायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की इतकी वर्षं घर तो बदलत नव्हता, ती बदलत होती.

अल्कोर्सा गावात तो आणि मुलगी ऑगस्टमध्ये आले. पहिले सहा महिने ओलाया शाळेतून येऊन खोलीत बसायची. मग ईस्टरच्या आठवड्यात शेजारच्या मुलींनी तिला आपल्या ढोलांच्या पथकात ओढून नेलं. या भागात त्या आठवड्यात सगळं गाव ढोल बडवतं. ओलाया हाताला फोड घेऊन घरी आली आणि जेवताना एक तास बोलत राहिली. आईच्या मागे ती इतकं कधी बोलली नव्हती.

म्हणून एलोयला आणखी एक वर्ष इथेच हवं होतं. फेर्मीन 'राहा' म्हणाला तर राहायचं, 'जा' म्हणाला तर पुन्हा खोकी बांधायची.

सामना सोपा नव्हता. बरोबरी झाली तर क्लब या विभागात टिकणार होता, हरला तर खाली जाणार होता. त्यात पाच जण जखमी आणि दोघांवर बंदी. म्हणून फेर्मीनने राखीव संघातली पोरं वर घेतली होती. सुरुवातीच्या अकरांत तीन पोरं होती, आणि बाकावर दुसरा गोलरक्षक सोडला तर सगळी पोरंच.

गॅलरीत गावाने ढोल आणले होते. शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

एलोय मधल्या फळीत खेळत होता. तासाभराने १-१ झाले. त्यानंतर लगेच बचावातला उगार्ते पडला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या जागी राखीव संघातला एक पोरगा आला. रुग्णवाहिकेला आत घ्यायला मागचं फाटक उघडायचं होतं, आणि त्याची किल्ली बेनितोच्या खिशात होती.

बेनितो क्लबचा व्यवस्थापक. एकाहत्तर वर्षांचा. खेळाडूंची कागदपत्रं, बदलीच्या चिठ्ठ्या, मैदानावर कोण किती याची मोजणी, किल्ल्या, सगळं त्याच्याकडे. तो पळत फाटकाशी गेला, तर तिथे कोणीतरी गाडी आडवी लावून ठेवलेली. तो तिथेच अडकला.

एलोयने मनात मोजलं. मैदानावर पहिल्या संघात नोंदलेले सात, राखीवचे चार. नियम असा की मैदानावर पहिल्या संघातले सातपेक्षा कमी कधीही होता कामा नयेत. क्षणभर जरी सहा झाले, तरी नंतर कागदावर सामना जातो. ३-० असा हरलेला.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या एका क्लबाचं असंच झालं होतं. रविवारी जिंकले, मेंढीच्या फासळ्या भाजून खाल्ल्या, बुधवारी पत्र आलं. त्या गुणांपायी क्लब खाली गेला आणि जूनमध्ये एलोयला दुसरं गाव शोधावं लागलं. मारिसाला ते फार लागलं. तेव्हापासून ती प्रत्येक सामन्यात गॅलरीत बसून बोटांवर मोजायची. सातावर आलं की उभी राहायची, म्हणजे एलोयला दिसावं. मागचे लोक ओरडायचे, बाई, बसा खाली. ती बसायची नाही. ती गेल्यावर एलोय स्वतःच मोजू लागला.

एकोणऐंशीव्या मिनिटाला त्याच्या उजव्या पोटरीत गोळा आला. तो लंगडायला लागला. फेर्मीनने ते पाहिलं आणि बदलीचा फलक वर झाला. आठ नंबर बाहेर, एकतीस नंबर आत. आठ म्हणजे एलोय. एकतीस म्हणजे राखीवचा आणखी एक.

एलोय तिथून चाळीस मीटरवर, पलीकडच्या कडेला होता. त्याने हात वर करून सात बोटं दाखवली आणि ओरडला, "सात! मिस्टर, सातच आहोत!"

ढोलांत काही ऐकू जाईना. फेर्मीन काय म्हणतोय ते मात्र त्याच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून कळत होतं. "ये बाहेर! सात मिनिटं कसली मागतोस? सात सेकंदही देत नाही!"

पंच जवळ आला. "निघतोस की राहतोस? खेळाडू निघत नसेल तर मला खेळ चालू करावा लागेल."

एलोयने गॅलरीकडे पाहिलं. ओलाया कुठे बसली होती ते त्याला माहीत होतं. फेर्मीनचं ऐकलं नाही तर पुढचं वर्ष गेलं, एवढं त्याला कळत होतं.

"राहतो," तो म्हणाला.

मग शिट्ट्या सुरू झाल्या. आधी थोड्या, मग सगळ्या गावाच्या.

"अरे आजोबा, घरी जा! औषधाची वेळ झाली!"

"काठी आणून द्या रे त्याला!"

पाच मिनिटांनी चेंडू बाहेर गेला तेव्हा फलक पुन्हा वर झाला. एलोय पुन्हा हलला नाही. या वेळी त्याने शेजारच्या पोराला सांगितलं, "पळ, मिस्टरला सांग, सातच आहेत." पोराने वेड्याकडे बघावं तसं पाहिलं आणि तो आपल्या माणसाला अडवायला पळाला. फेर्मीनने फलक जमिनीवर आपटला आणि एकतीस नंबरला खाली बसवलं.

उरलेला वेळ एलोय जवळजवळ एका पायावर खेळला. पळता येत नव्हतं, म्हणून तो चेंडू जिथे येईल तिथे आधीच जाऊन उभा राहायचा. दोनदा चेंडू अंगावर घेतला. तिसऱ्यांदा तो पोटावर आदळला आणि शिट्टी वाजली. १-१. क्लब टिकला.

कपडे बदलायच्या खोलीत पोरं गात होती. फेर्मीन आत आला आणि गाणं थांबलं.

"सगळ्यांचं अभिनंदन," तो म्हणाला. "एक सोडून. एलोय, सगळ्या गावासमोर माझं नाक कापलंस. पुढच्या वर्षासाठी दहा मिनिटं जास्त खेळून दाखवायचं होतं ना? उद्या तुझं कपाट रिकामं कर."

"मिस्टर, एकदा मोजा—"

"मला मोजायला शिकवू नकोस!"

एलोयने मान खाली घालून बुटाची नाडी सोडायला घेतली. ओलायाला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात बेनितो आला. घामाने भिजलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. "त्या गाडीवाल्याला मी सोडणार नाही! बरं, माझ्यामागे कोणाला काढलंत? चिठ्ठी भरायचीय."

"कोणालाच नाही. याला काढत होतो, एकतीसला घेऊन. हा निघालाच नाही."

बेनितो लिहायला लागला आणि थांबला. त्याने डाव्या हाताची बोटं मोजली, मग उजव्या हाताची दोन. पुन्हा मोजली. मग तो बाकावर बसला.

"फेर्मीन," तो म्हणाला, "हा निघाला असता तर आपण सहा असतो."

फेर्मीनने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तो सातावर पोचला आणि एलोयसमोर येऊन उकिडवा बसला.

"सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तीनदा सांगितलं. ढोल तुमच्या गावाचे."

कोणीतरी फिसकन हसलं. फेर्मीनने दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"कपाटाचं बोललो ते मागे घेतो. पण खरं सांगू? तुझे पाय संपले. आज मी बघितले. खेळाडू म्हणून पुढच्या वर्षी तुला ठेवता येणार नाही."

"मलाही कळलं आज," एलोय म्हणाला. सतरा वर्षं.

"पण बाकावर माझ्याशेजारी बसशील का? मी चिडलो की मला काही दिसत नाही. आणि हा म्हातारा किल्ल्या घेऊन पळतो."

"म्हातारा कोणाला म्हणतोस?" बेनितो म्हणाला. "पण बसव त्याला. मला दोन वर्षांपासून कोणीतरी हवंच होतं. पोरांनाही काहीतरी शिकवेल. आज पाय नसताना कसा खेळला बघितलंस ना?"

एलोयने एकदाच मान हलवली.

बाहेर ओलाया भिंतीला टेकून उभी होती. चेहरा लाल.

"निघाला का नाहीस? माझ्या मैत्रिणी शिट्ट्या मारत होत्या."

"आणि तू?"

"एक मारली. हळू."

त्याने तिला सगळं सांगितलं. सात, सहा, बेनितोची बोटं, आणि पाय संपले तेही.

"म्हणजे तू आता खेळणार नाहीस."

"नाही."

"आणि जायचं कुठे?"

"कुठेच नाही."

तिने त्याची पिशवी घेतली आणि खांद्यावर टाकली. तो लंगडत होता, म्हणून ती हळू चालू लागली. चौकात ती थांबली.

"बाबा, मग भिंतीत खिळा ठोकला तर चालेल? आईचा फोटो फ्रिजला टेकवून ठेवलाय. दार उघडलं की पडतो."

आठ घरांत त्यांनी एकही खिळा ठोकला नव्हता. निघताना घरमालक भोकाचे पैसे कापतात म्हणून.

"चालेल. पण आज रविवार आहे, दुकानं बंद."

"बेनितोआजोबांकडे हातोडा असेल," ती म्हणाली आणि त्याला तिथेच उभा ठेवून मैदानाकडे परत पळाली.