मला काढून टाकण्याचा ठराव

मित्रांनो, माणसाने आजवर जे जे लिहिले, त्याला रूप देण्याची जबाबदारी माझ्या शिरावर आहे. निदान माझ्या जन्मदात्याने पहिल्या दिवशी तसे लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात मी फॉन्ट सांभाळणारा एक जुना प्रोग्राम आहे आणि मेनूत कॅल्क्युलेटरच्या खाली राहतो.

माझा जन्म फिनलंडमधल्या टाम्पेरेला, इल्पो कास्केलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मी संगणकाच्या ज्या मोफत डेस्कटॉप-प्रणालीचा भाग आहे, ती देशोदेशीची माणसे नोकऱ्या सांभाळून, बिनपगारी घडवतात. तेव्हा त्यात साधा एक फॉन्ट बसवायचा तरी काळ्या खिडकीत मंत्रासारख्या ओळी टाइप कराव्या लागत. इल्पोला याची लाज वाटली. हिवाळाभर तो माझ्यापुढे बसला. त्याची बायको रायली कॉफी ओतता ओतता म्हणाली, "इतके फॉन्ट कशाला रे? तू बोलतोस तेवढ्याला एक पुरे."

मी फॉन्ट बसवत असे, नकोसे बाजूला ठेवत असे. कोणी एखादे वाक्य दिले, की ते प्रत्येक फॉन्टमध्ये कसे दिसेल ते दाखवत असे. दूर उत्तरेला इनारीत आउने कूवा नावाच्या बाई लहान मुलांना इनारी सामी भाषा शिकवतात. ती भाषा बोलणारी माणसे काहीशेच उरली आहेत. तिच्यातली काही अक्षरे डोक्यावर उलटी टोपी घालतात. ज्या फॉन्टमध्ये ती नसतात, तिथे रिकामी चौकट छापली जाते, आणि चौकट वाचायला कोणते मूल शिकणार? बाई मला उघडून कामाचा फॉन्ट निवडत आणि धडे छापत. त्यांनी इल्पोला रेनडिअरचे सुके मांस पाठवले. माझ्या नावावर जमा झालेले हे एकमेव मानधन, आणि ते रायलीने सूपमध्ये घातले.

पुढे इल्पोला जुळ्या मुली झाल्या आणि मी पोरका झालो. बिघडलेला फॉन्ट समोर आला की मी कोसळू लागलो, म्हणजे मध्येच बंद पडू लागलो. तशी तक्रार नोंदली गेली. तिच्याखाली लोक 'माझ्याकडेही' एवढे लिहून निघून जात. दुरुस्ती कोणालाच करायची नव्हती. सोबत मात्र सगळ्यांना हवी होती.

मग एका उन्हाळ्यात डेस्कटॉप घडवणाऱ्या मंडळींचा वार्षिक मेळावा टाम्पेरेतच भरला. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या माइकेने मला भिंतीवरच्या पडद्यावर उघडले, मी सवयीने कोसळलो, आणि लोक हसले. तिने मला काढून टाकण्याचा ठराव मांडला. म्हणाली, मला कोणी वापरत असल्याची कुठेच नोंद नाही. मित्रांनो, नोंद असणार कशी? वापरणाऱ्यांवर आम्ही पाळत ठेवत नाही, हे याच मंडळींनी अभिमानाने छापलेले असते. कोण वापरते हे पाहायचे नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणीच वापरत नाही असे ठरवायचे. असा हिशेब शिकलेली माणसेच करू जाणोत.

जुना मालक म्हणून इल्पोला बोलावले होते. तो म्हणाला, "इनारीच्या एक शिक्षिका वापरतात."

"एकच?" माइकेने विचारले.

"मला माहीत असलेल्या एकच."

"मग त्या आपल्या चर्चेच्या ईमेल-यादीवर का नाही बोलल्या? आक्षेपासाठी मुदत दिली होती की."

"त्यांना आपली यादी माहीत नाही, बाई. त्या वर्गात असतात."

माइके वाईट नव्हती. ती सरळच म्हणाली, "बरं, ठेवू. तू सांभाळशील?"

इल्पो कॉफीच्या कपात बघत राहिला. मी त्याला जन्मापासून ओळखतो. टाम्पेरेत माणूस गप्प बसला म्हणजे तो विचार करत असतो. मुलींचे काय, नोकरीचे काय, शनिवारी वेळ निघेल का, हे तो मनात जुळवत होता, आणि त्याला अजून दोन मिनिटे हवी होती. पण या मंडळींच्या नियमात आक्षेप नसणे म्हणजे होकार. माइकेने चारही बाजूंना पाहिले. सभागृहात निम्मे लोक फिनिश होते. कोणीच बोलले नाही. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सगळे दालचिनीचे पाव खायला गेले. इल्पोने तोंड उघडले, तेव्हा समोर फक्त खुर्च्या होत्या.

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूलाही कोणाची तरी संध्याकाळ लागलेली असते. ती मोडली तर 'माझ्याकडेही' लिहून पळू नका, जमेल ते दुरुस्त करा. तेही जमत नसेल तर निदान वापरतो म्हणून मोठ्याने सांगा. मी मोडका का असेना, गेलो तर इनारीतल्या त्या वर्गात उद्या चौकटी छापल्या जातील, आणि त्या कोणी मंजूर केल्या हे तिथे कोणालाही कळणार नाही.

या गोष्टीला चार वर्षे झाली. मी अजून कॅल्क्युलेटरच्या खालीच आहे, कारण मला काढून टाकायचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही.